परवा येईल

कुवेत, २५ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

गणपतीत फोनवर भांडलो आणि त्यानंतर मी गप्प बसलो, ते चुकलंच. तू निवृत्त झालास तेव्हाही दोन ओळी टाकल्या नाहीत. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा तसाच आहे. आता सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या हातून एक गोष्ट झालीय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही.

इराकी कवी बद्र शाकिर अल-सय्याबच्या पावसाच्या कवितेचं भाषांतर पुरं केलं. अरबीतून केलं, हे आधी ऐकून घे. 'इंग्रजीवरून आणशील तर ते दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं' हे तुझं वाक्य इतकी वर्षं माझ्या डोक्यात बसलं होतं. आमच्याकडच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, अकाउंटंटला ही कविता तोंडपाठ आहे. डबा खाऊन झाला की तो एकेक ओळ म्हणायचा, मी लिहून घ्यायचो. 'मतर, मतर, मतर.' मतर म्हणजे पाऊस. शेवटच्या 'र'वर तो असा थांबतो की पागोळी गळून गेल्यासारखं वाटतं. वृत्त रजझ. ओळ लांब असो की आखूड, गण तोच फिरून फिरून येतो. तू वर्गात मुक्तछंद शिकवताना हे हवंच होतं तुला. दोन सारख्या अर्धांची जुनी अरबी ओळ १९४७च्या सुमारास मोडली गेली. आधी कुणी मोडली, सय्याबने की नाझिक अल-मलाइका या इराकी कवयित्रीने, यावर लोक अजून भांडतात. मी सय्याबच्या बाजूचा. म्हणजे तू नाझिकच्या बाजूचा, हे न विचारता कळतं! केशवसुतांवरून मेसमध्ये रात्री दोनपर्यंत चाललं होतं तेव्हाही तू असाच होतास, आणि नाना बिचारा मध्ये बसून दोघांचीही पोळी खात होता.

कवितेत एक मूल आहे. झोपण्याआधी ते बरळतंय. वर्षापूर्वी जाग आली तेव्हा आई शेजारी नव्हती. त्याने फारच धोसरा लावला तेव्हा घरचे म्हणाले, 'बाद गदिन तऊद.' परवा येईल. बरोबरची पोरं मात्र कुजबुजतात की ती तिकडे टेकडीच्या कुशीत निजलीय, माती खातेय आणि पाऊस पितेय. सय्याब सहा वर्षांचा होता तेव्हा त्याची आई गेली, बसऱ्याच्या दक्षिणेला जैकूर नावाच्या खेड्यात. खजुराच्या बागा आणि बुवैब नावाचा एक लहानसा ओढा. त्या ओढ्याला त्याने अख्ख्या अरबी जगात नेऊन पोचवलं.

या ओळीशी आलो आणि महिनाभर अडलो. आणि एका रात्री लक्षात आलं की आपल्या मराठीत 'परवा' दोन्हीकडे तोंड करून उभा असतो. आई परवा गेली. आई परवा येईल. मिसऱ्याला हे समजावलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग मलाच पुन्हा म्हणायला लावलं.

पण बाळ्या, हे मला सुचलेलं नाही. ते माईआजीचं आहे. तुझी आई गेली तेव्हा तुझ्या धाकट्या भावाला कुशीत घेऊन ती म्हणाली होती, 'परवा येईल, झोप आता.' मी दाराशी उभा होतो, तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. दोघंही आठ वर्षांचे. मी भाषांतरात तसंच्या तसं घातलं, 'झोप आता'सकट. मूळ अरबीत 'झोप आता' नाही.

मागच्या महिन्यात इथे पाऊस पडला. वर्षातून थोडेच दिवस पडतो, त्या दिवशी रस्ते तुंबले आणि आपली सात-आठ मराठी माणसं एकाच्या घरी अडकली. तिथे मी वाचून दाखवलं. त्या ओळीला एक बाई रडायलाच लागल्या. नंतर त्यांनी विचारलं, ही ओळ कवीचीच का? मी हो म्हणालो. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

सय्याबने आपल्या आईवर लिहिलं, तो त्याचा हक्क होता आणि त्याने त्याची किंमतही मोजली. १९५३ साली बगदाद सोडून तो इथेच, कुवेतला राहत होता. कविता १९५४मध्ये बैरूतच्या 'अल-आदाब' मासिकात आली. पुढे मज्जातंतूंच्या आजाराने पाय गेले, त्या दिवसांत त्याने अय्यूबच्या, म्हणजे दुःखातही देवावरची श्रद्धा न सोडणाऱ्या पैगंबराच्या, तोंडून देवाचे आभार मानणाऱ्या कविता लिहिल्या. २४ डिसेंबर १९६४ला इथल्याच दवाखान्यात गेला. चाळिशीही गाठली नव्हती. पुरला बसऱ्याजवळ झुबैरला. काल ती तारीख होती, म्हणून रात्री समुद्राकाठी जाऊन बसलो. त्या कवितेत तो या आखाताला हाक मारतो, मोती, शिंपले आणि मरण देणाऱ्या! प्रतिध्वनी परत येतो तेव्हा त्यात शिंपले असतात, मरण असतं, मोती गळून गेलेला असतो. मला तुझ्या आईची नथ आठवली. बसरे मोती, बसरे मोती म्हणून आपण केवढं कौतुक करायचो, आणि तिच्या औषधपाण्यासाठी ती नथच आधी गेली. हे मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पण आजीचं वाक्य लिहून बसलोय.

काढून पाहिलं. ओळ बरोबर राहते, पण मूल मराठी राहत नाही. ठेवलं तर तुझ्या घरातली गोष्ट न विचारता दुसऱ्याच्या नावावर लावली असं होतं. एक मासिक छापायला तयार आहे, मी अजून पाठवलेलं नाही.

धाकटीचं बाळंतपण नीट झालं ना? वहिनींना नमस्कार सांग. पेन्शनचं काम झालं का तेही लिही.

ठेवू की काढू, तू सांगशील तसं करीन. आणि एक नक्की आठवून सांग: आजी 'झोप आता' म्हणाली होती की 'नीज आता'?

तुझा,
पंत