निळ्या होडीच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. दिवाळे कोळीवाड्यात आमच्या होडीची गेलेली चमक परत आणण्यासाठी आपण सलग तीन रविवार घालवलेत आणि मोबदल्याचा विषय निघताच प्रत्येक वेळी तो टाळलात. त्या ऋणाची नोंद चार लोकांसमोर व्हावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

वडिलांनी हौसेने घेतलेल्या या फायबरच्या होडीचा गडद निळा रंग बारा वर्षांत पांढुरका पडला होता. सगळीकडून रंग मारून घेण्याचाच सल्ला मिळत होता आणि मी डबेही आणून ठेवले होते. आपण मात्र आधी नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, तळहात फिरवलात, हाताला लागलेली खडूसारखी भुकटी मला दाखवलीत आणि तिथेच तांब्याभर पाणी ओतलेत. ओल्या जागी जुना निळा रंग लख्ख दिसला, तेव्हा वडिलांच्या तोंडून शब्द फुटेना. उन्हातील अतिनील किरणांनी जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या रंगीत, चकचकीत थराचा, फक्त वरचा पापुद्रा मेला आहे, खालचा थर अजून जिवंत आहे, हे आपण किती साध्या शब्दांत समजावलेत!

जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे घासण्यात घाई केली तर खालचे फायबर उघडे पडते, ही आपली ताकीद मी विसरणार नाही. घासण्यापूर्वी आपण पृष्ठभागावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा ओढायला लावल्यात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या 800 नंबरच्या वॉटर पेपरने त्या पुसल्या गेल्या की हात थांबवायचा, पुन्हा रेघा ओढायच्या आणि मग 1000, 1500 व 2000 नंबरचे अधिकाधिक बारीक पेपर क्रमाने घ्यायचे. आधीच्या पेपरचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय आपण मला पुढचा पेपर हातात घेऊ दिला नाहीत. त्या वेळी मला ते अतिच वाटले होते, पण दुसऱ्या रविवारी कंपाऊंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, लावून बफिंग मशीन फिरवल्यावर त्या हट्टाचा अर्थ कळला. काठाच्या कडांवर थर लवकर झिजतो, म्हणून तिथे आपण मशीन बंद करून हातानेच कापड फिरवलेत. ताडपत्रीच्या सावलीत, दोन-दोन फुटांचा तुकडा घेऊन, कंपाऊंड वाळू न देता चाललेले ते काम पाहायला शेजारची मुले दर वेळी येऊन बसत.

शेवटी पॉलिश झाले आणि त्यावर मेणाचा हात फिरला. मेणाशिवाय ही चमक एक उन्हाळासुद्धा टिकणार नाही, असे आपण बजावले आहे. त्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी मेण लावण्याची जबाबदारी मी घेतली आहे. रंगाचे डबे न उघडताच दुकानात परत केले.

नारळी पौर्णिमेला होडीची पूजा आहे. पहिला नारळ आपल्या हातून खाडीला अर्पण व्हावा, अशी वडिलांची इच्छा आहे. काकूंना घेऊन सकाळीच यावे.

आपला कृतज्ञ,
निळ्या होडीवाल्यांचा धाकटा मुलगा