ताई, पोट्टे आता तोंड उघडतात

ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीतच लिहिते आहे. तुमच्यासोबत यायची ती नागपूरची मुलगी वाचून दाखवेल. तुम्ही नेदरलँड्सहून आल्या त्या आमच्या कपाशीचा अभ्यास करायला. पोट्ट्यांना इंग्रजी शिकवा असं कोणी म्हटलं नव्हतं, त्याचा पैसाही कोणी दिला नाही. तरी दिवस मावळला की मारुतीच्या पारावर तुम्ही हजर. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी नाही असं नाही. २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. कविता पाठ, स्पेलिंग पाठ. पण कोणी समोरून काही विचारलं की पोट्टे एकमेकांच्या मागे लपायचे. तुम्ही सांगितलं की इंग्रजी तुमचीही मायबोली नाही, तुम्हीही शाळेतच शिकल्या अन् अजून चुकता. अर्धं काम तिथंच झालं. वर तुम्ही त्यांच्याकडून वऱ्हाडी शिकायला लागल्या. (ते 'काहून बे' मोठ्या माणसाला म्हणायचं नसते, हे कोणीच तुम्हाला सांगितलं नाही. सरपंचांनी मनावर घेतलं नाही, बरं झालं.)

मला मुख्य बोलायचं आहे ते त्या कागदांचं. पुस्तक नव्हतं म्हणून तुम्ही कृषी केंद्रातून फवारणीच्या औषधांची माहितीपत्रकं मागून आणली. रिकामे डबे मात्र लेकरांच्या हाती लागू दिले नाहीत. डब्यावरचा टोकावर उभा चौकोन, खालच्या अर्ध्या भागातला रंग अन् वर लिहिलेलं: लाल-पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. मग एक पोट्टा दुकानदार, एक गिऱ्हाईक, अन् सारी घासाघीस इंग्रजीत. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली. तोवर आम्ही डब्याचा रंग कुठं पाहत होतो? भाव पाहत होतो.

यंदा पोळ्याच्या आधी माझी सातवीतली लेक तिच्या बाबांना आडवी गेली. पंप पाठीवर, हात उघडे.

"बाबा, हे पिवळं आहे. हातमोजे काहून नाही घातले?"

"तू मले शिकवतं काय?"

चिडले खरे, पण पंप उतरवला. दुकानात जाऊन हातमोजे, चष्मा, मास्क घेऊन आले, अन् आधीच का नाही दिले म्हणून दुकानदाराशी भांडूनही आले.

तुमच्या मागे आता बारावीतली एक पोरगी पारावर बसते. तिचं इंग्रजी तुमच्याइतकं नाही, पण रागावते जास्त, म्हणून पोट्टे वेळेवर येतात.

पुन्हा याल तर हुरड्याच्या दिवसांत या. दिवाळीनंतर लगेच आल्या तर वेचणी असते, घरी कोणी सापडणार नाही. अन् विदर्भात थंडी नसते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, स्वेटर आणा.

तुमची,
पारासमोरच्या घरातली शेजारीण