अर्धीच ओळ का छापलीत?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला प्राचीन कवी व्हर्जिलच्या काव्यातून कौल घेण्यावरचा, म्हणजे हाती येईल ती ओळ भविष्य मानण्यावरचा, लेख दोनदा वाचला. लिहू की नको असं काल दिवसभर चाललं होतं, पण राहवत नाही.

'तू मार्सेलस होशील' ही व्हर्जिलची ओळ चौकटीत छापून लेखकाने भविष्य खरं ठरल्याचा निर्वाळा दिला आहे. रोमन सम्राट हेलिओगॅबलस जिवावर उठला असताना अलेक्झांडर सेव्हेरसला रोमजवळच्या प्रेनेस्टेच्या देवळात हा कौल मिळाला, पुढे तो सम्राट झाला, संपलं! अहो, पण हा मार्सेलस कोण? पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा भाचा. इ. स. पू. २३ मध्ये, विशीही न गाठता गेलेला. 'कठोर नशीब कसंही करून तोडता आलं तर' हे शब्द त्या ओळीच्या आधी आहेत आणि लगेच पुढे ओंजळी भरून लिलीची फुलं मागितली आहेत, त्या मुलावर उधळायला. व्हर्जिलने हा भाग वाचला तेव्हा मुलाची आई ऑक्टेव्हिया शुद्ध हरपून पडली, असं व्हर्जिलच्या जुन्या चरित्रात आहे. आणि सेव्हेरस? २३५ साली त्याच्याच सैनिकांनी त्याला आईसकट मारलं. यातलं अक्षरही लेखात नाही. ही कौलाची गोष्ट रोमन सम्राटांच्या ज्या चरित्रसंग्रहात, 'हिस्टोरिया ऑगस्टा'त, येते, त्यातला बराच मजकूर रचलेला आहे, हेही नाही.

माझ्या जिव्हारी लागलं त्याला कारण आहे. १९८६ साली वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. आदल्या संध्याकाळी आत्याने डोळे मिटून ज्ञानेश्वरी उघडली, बोट ठेवलं, अर्धी ओवी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "माउलींनी सांगितलं, आता काळजी नको." ऑपरेशन दिवाळीनंतरवर गेलं. दिवाळीच्या आधीच आतडं अडकलं आणि वडिलांना रात्री जीपमध्ये आडवं घालून मिरजेला न्यावं लागलं. ते वाचले, पण महिनाभर खाटेवर होते. ती पोथी आता माझ्याकडे आहे. त्या पानावर आत्याच्या हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा अजून दिसतो. ओवी पुढे वाचली तर आजाराशी तिचा काही संबंधच नाही. आत्याची श्रद्धा खरी होती, माउलींचे शब्दही खरे. ती मध्येच थांबली, एवढंच माझं म्हणणं आहे.

ग्रीक कवी होमरबद्दलही तेच. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या पपायरसवर (जुन्या काळच्या कागदावर) त्याच्या २१६ सुट्या ओळी आहेत. फासा तीनदा टाकायचा आणि आलेल्या आकड्यांपुढची ओळ हे उत्तर. मागचंपुढचं वाचायची सोयच नाही. तुमचा लेख मात्र म्हणतो की होमरचं महाकाव्य 'इलियड उघडून' पाहायचे.

जाता जाता, चित्राखाली 'ग्रीक कवी व्हर्जिल' छापलं आहे. तो रोमन होता, लॅटिनमध्ये लिहायचा. पुढच्या रविवारी दुरुस्ती द्यावी, आणि ती शब्दकोड्याच्या खाली बारीक टायपात नको.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली