आधी पाणी, मग तेल

प्रिय मामा,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही. शनिवारी माझी लेक वेण्या घालून घ्यायला तुमच्या गुडघ्यांत डोकं देऊन बसेल तेव्हा एकेक ओळ स्वाहिलीत करून सांगेल, आणि मध्येच मान हलवली म्हणून टपली खाईल. मराठीत अशासाठी, की तुमचे आभार मला चारचौघांत मानायचेत आणि माझे चारचौघं मराठी आहेत. त्यांना आधी एक खुलासा करते. केनियात मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. आई, काकू, भाजीवाली, शाळेतल्या बाई, वयानं मोठी कुठलीही बाई इथे मामा. माझ्या आईला हे अजून पचलेलं नाही. "आज मामांनी सुंदर वेण्या घातल्या" असं मी फोनवर म्हटलं की कोल्हापुरात दोन क्षण शांतता पसरते.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या लेकीच्या डोक्याला हात लावायला साफ नकार दिलात. हे पत्र त्या नकाराबद्दल आहे.

माझे हात काही अडाणी नव्हते. तीन बहिणींत मी थोरली. धाकट्या दोघींच्या तिपेडी वेण्या घालून, रिबिनीनं वर बांधून त्यांना शाळेत पाठवायचं काम माझं होतं. भरपूर खोबरेल, फणी, मधोमध भांग, की झालं. नवरा केनियातल्या किसुमूचा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आला होता, तिथं जमलं. लेक झाली ती बापाचे केस घेऊन, त्याच्याहूनही दाट. स्वाहिलीत अशा केसांना किपिलिपिली म्हणतात हे मला नंतर कळलं. पिलिपिली म्हणजे मिरी-मिरची. डोक्यावर मिऱ्याचे दाणे पसरल्यासारखे दिसतात म्हणून.

जावळ कोल्हापुरात काढलं. आई म्हणाली, अजून दोनदा काढा, सरळ येतील. काढलं. दोन्ही वेळा पुन्हा तेच मिऱ्याचे दाणे. केसाचं वळण कातडीच्या आत, मुळाच्या पिशवीतच ठरतं आणि वस्तरा बिचारा वरवर फिरतो, हे आम्हा मायलेकींना तेव्हा कोण सांगणार?

चार वर्षांची होईपर्यंत घरात न्हाण्याच्या दिवशी रडारड ठरलेली. मी कोरड्या केसांवर वाटीभर तेल ओतायचे आणि मुळापासून फणी घालून खाली ओढायचे. फणीचे दात तुटायचे, केस तुटायचे, पोर किंचाळायची. एकदा शेजारीण दार वाजवून विचारून गेली की सगळं ठीक आहे ना. सुट्टीत कोल्हापुरात भावंडं तिला नूडल्स म्हणायची. मोठी माणसं म्हणत नसत, नुसती हसत. तिनं एकदा अंघोळीनंतर टॉवेल डोक्यावरून सोडला आणि आरशासमोर तो केसांसारखा मागे उडवत उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. दुसऱ्याच आठवड्यात तिला घेऊन घराजवळच्या एका पार्लरमध्ये गेले.

क्रीमच्या डब्यावर हसऱ्या लहान मुलीचं चित्र होतं. सौम्य आहे म्हणाले. केस सरळ करणाऱ्या या क्रीममध्ये कॉस्टिक सोडा किंवा त्याच्याच जातीचा अल्कली असतो. पीएच 12 च्याही पुढे. केसाला पीळ देणारे आतले बंध तो तोडून टाकतो, आणि एकदा तुटले की त्या केसापुरते कायमचे. लेक "चुरचुरतंय" म्हणाली. पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, अजून पाचच मिनिटं. घरी येईपर्यंत मानेवर आणि कानामागे फोड आले होते. केस मात्र सरळ झाले, नाकारत नाही. तिनं ते दोन दिवस उडवले. महिन्याभरात मुळाशी तिचे खरे केस आले, आणि नवा कुरळा अन् जुना सरळ जिथं मिळतात तिथंच केस मोडायला लागला. उशीवर रोज झाडल्यासारखे केस.

नैरोबीतलं केन्याटा मार्केट मला तोवर फक्त भाजलेल्या मटणासाठी माहीत होतं. आत शिरलं की एका बाजूला न्यामा चोमाचा धूर आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या बायकांच्या ओळी. गिऱ्हाइकाला हाका मारणाऱ्या, एका डोक्यावर तिघी-तिघी मिळून वेण्या घालणाऱ्या. मी कुणाच्या तरी सांगण्यावरून तुमच्या टपरीवर आले आणि म्हणाले, हिच्या छान वेण्या घालून द्या, वर गंगावन लावून लांब करा. तुम्ही केस बोटांत घेतलेत, एक ओढून पाहिलात, तो तुटला. मग कातर माझ्यासमोर ठेवलीत. "सरळ भाग सगळा काढ. तू काढ. आणि पुढच्या शनिवारी ये. मी सांगेन, हात तुझे." मिकोनो नि याको. तेव्हा मला राग आला होता, मामा. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आहे आणि बाई म्हणते तूच कर!

केस उरले दोन बोटं. रडले मी. ती आरशात डोकं चोळत म्हणाली, "बाबासारखं."

पुढचे सहा शनिवार तुम्ही स्टुलावर आणि मी जमिनीवर गुडघे टेकून. पहिला शनिवार गेला नुसत्या पाण्यात. मी सवयीनं तेलाची बाटली काढली तर तुम्ही ती पदरासारख्या कांगा नावाच्या कापडाखाली लपवलीत. माजी क्वान्झा, मफुता बादाए. आधी पाणी, मग तेल. केसाला तहान लागते ती पाण्याची. तेल म्हणजे वरचं झाकण, आणि रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय उपयोग? चार वर्षं मी कोरड्यावर झाकण ठेवत होते. पुढे वाचलं तेव्हा त्यामागचं कारणही समजलं. हिचा केस आडवा कापला तर लंबगोल, चपटा असतो आणि स्प्रिंगसारखा वळत जातो. डोक्यात सुटणारं तेल माझ्या केसावरून टोकापर्यंत सरळ उतरतं, हिच्या केसावर वळणावळणाला अडतं. म्हणून टोकं कायम कोरडी. आणि जितकी वळणं तितक्या मोडायच्या जागा.

खोबरेलाची बाजू मात्र मी सोडली नाही. 2003 साली मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल केसांवर तपासून पाहिलं, तेव्हा केसाच्या आत शिरून प्रथिनांची गळती कमी करणारं खोबरेलच ठरलं. हे मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, मोम्बासाच्या किनाऱ्यावरच्या बायकांना विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.

दुसऱ्या शनिवारी गुंता. डोक्याचे चार भाग करायचे, तिघांना चाप लावून बाजूला ठेवायचं, हातातला भाग ओलाचिंब करून कंडिशनरनं बुळबुळीत करायचा. मग आधी बोटं. कंगवा त्यानंतर, तोही रुंद दातांचा, आणि सुरुवात टोकापासून. टोकाचं एक बोटभर सुटलं की वर सरकायचं, पुन्हा एक बोटभर. डावी मूठ मुळापाशी घट्ट, म्हणजे ओढ बसली तरी ती मुठीला बसते, डोक्याला नाही. ही मूठ मला कुणी शिकवली नव्हती. माझ्या बहिणींना तरी मी कधी अशी मूठ धरली होती? उसिवुते, ओढू नको, हे तुम्ही त्या दिवशी किती वेळा म्हणालात ते लेक अजून नक्कल करून दाखवते. ती रडली नाही. तासाभरानं मान कलंडून झोपली.

मग दोन पेडांचे पीळ. मग डोक्याला चिकटून जाणाऱ्या वेण्या, ज्यांना तुम्ही मतुता म्हणता. मतुता म्हणजे शेतातले वरंबे, असं तुम्ही सांगितलंत आणि माझा हात तिथंच थांबला. माझे वडील उसाचे शेतकरी. सरी सोडताना ते मागे वळून बघत नसत, समोरच्या बांधावरच्या एका झाडावर नजर ठेवत. मी लेकीच्या मानेवरच्या तिळावर नजर ठेवली आणि पहिली सरी सरळ आली. घट्ट मात्र घालू दिलं नाहीत कधी. कपाळाशी बारीक पुळ्या दिसल्या की वेणी लगेच सोडायला लावायचात. शेजारच्या टपरीवरच्या मुली गिऱ्हाइकाला वेण्यांसोबत डोकेदुखीच्या गोळीचाही सल्ला देत, आणि तुम्ही तुमची कपाळाजवळची टक्कल पडलेली रेघ रुमाल वर करून मला दाखवलीत. वीस वर्षं घट्ट वेण्यांची, म्हणालात.

केस वाढत नाहीत हे माझं रडगाणं तर तुम्ही एका वाक्यात बंद केलंत. केस वाढतोच, तू तो मोडतेस. खरंच, महिन्याला सेंटिमीटरच्या आसपास, असे केस जरा हळू, पण वाढतात सगळ्यांचेच. हिचे वाढत होते आणि टोकाला तितकेच तुटत होते. आता नऊ वर्षांची आहे. ओली बट ओढली तर पाठीच्या मधोमध येते, सोडली की टुणकन कानापाशी. घरी पाहुणे आले की हा तिचा ठरलेला प्रयोग. गेल्या दिवाळीत नूडल्स म्हणणाऱ्या भावंडांकडून तिनं एका ओढीचे दहा रुपये घेतले. (परत करायला लावले. पाच.)

शाळेतून एकदा चिठ्ठी आली होती, केस "नीट बांधून" पाठवावेत. शाळेचं नाव घेत नाही, पुढे त्यांनीच समजून घेतलं. इथल्या बऱ्याच सरकारी शाळांत तर मुलींना केस बारीकच कापावे लागतात. तेव्हा तुम्ही लेकीला 2016 सालच्या प्रिटोरियाची गोष्ट सांगितलीत. शाळेच्या केसांच्या नियमांविरुद्ध आफ्रो, म्हणजे मोकळे फुगलेले कुरळे केस, घेऊन उभी राहिलेली तेरा वर्षांची झुलेखा पटेल. गोष्ट संपल्यावर लेकीचा पहिला प्रश्न, "पटेल? म्हणजे आपल्या दुकानवाल्या काकांची कोण?"

आणि आई. गेल्या डिसेंबरात ती नैरोबीला आली तेव्हा मी तिला तुमच्याकडे आणायला घाबरत होते. टपरीत शिरताच तिनं तुमच्या भाचीचे लॉक्स पाहिले आणि माझ्या कानात म्हणाली, "अगं, जट आलीय हिला." आमच्या गडहिंग्लज भागात जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं. जट आली म्हणून पोरी देवीला सोडल्या गेल्यात. तिचा चेहरा पाहून तुम्ही विचारलंत, मला सगळं सांगावं लागलं. तुम्ही रागावला नाहीत. भिंतीवरचा फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवलात. फील्ड मार्शल मुथोनी वा किरिमा, तुमच्या न्येरीच्याच. माउ माउच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध जंगलात राहिल्या, तिथं वाढलेल्या जटा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं तशाच ठेवल्या, आणि 2022 च्या एप्रिलमध्ये पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मामा न्गिना यांच्या हातून कापून घेतल्या. आई फोटोकडे खूप वेळ पाहत बसली. नंतर तिनं शेजारी टांगलेला केसांचा झुबका हातात घेतला. चिठ्ठीवर 'इंडियन हेअर'. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं तिरुपतीला केस दिले होते. तिथले केस लिलावात विकले जातात आणि देशोदेशी जातात, हे तिला मी तेव्हा सांगितलं. "माझे तर नसतील?" म्हणाली, आणि तुम्ही दोघी भाषा नसताना जे हसलात, ते मला दुकानाबाहेरही ऐकू येत होतं.

जाताना तुम्ही तिला सांगितलंत की रात्री डोक्याला रेशमी रुमाल हवा, सुती उशी केसातलं पाणी पिते. कोल्हापूरला पोचल्यावर तिनं आजीची विरलेली पैठणी काढली. जरीचे काठ आणि पदर बाजूला ठेवून मधल्या अंगाच्या दोन टोप्या शिवल्या. जर टोचेल म्हणून. ज्या बाईनं तीनदा जावळ काढायला लावलं होतं, ती बाई. मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा न्हाणीघरातून तिचाच आवाज आला, "थांब गं, आधी पाणी."

मामा, सहा शनिवार तुम्ही माझ्याकडून एक शिलिंग घेतला नाहीत. सातव्या शनिवारी लेकीच्या डोक्यावरच्या माझ्या सऱ्या तुम्ही उलट्या-सुलट्या तपासल्यात, एक उसवून पुन्हा घालायला लावलीत, आणि म्हणालात, आता मी घालते, आता गिऱ्हाईक हो. त्या दिवसापासून पैसे चोख घेता. तेही मला फार आवडतं.

असांते साना. खूप खूप आभार.

तुमची,
जमिनीवर गुडघे टेकणारी

ता. क. तुमचा मोठा तपकिरी कंगवा मागच्या शनिवारी आमच्या पिशवीतून घरी आला. परवा परत आणतेय. लेकीनं तो उशीखाली ठेवलाय, झोपल्यावर काढून घेईन.