पाच दिवसांची सॅक

सॅन होजे,
14 सप्टेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल रात्री उशिरा सुखरूप घरी पोचले. गुडघे ठीक आहेत, पायाला एकही फोड नाही. निघायच्या आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर तू माझी सॅक बघितलीस आणि म्हणालीस, "अगं, एवढ्यात पाच दिवस? रात्री थंडी वाजली तर पांघरशील काय?" मी घाईत होते, "होईल गं" म्हणून फोन ठेवला. बाबा म्हणाले, तू दोन रात्री झोपली नाहीस. तेव्हापासून ते मला लागून राहिलंय, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही तिघी गेलो होतो. कॅलिफोर्नियातल्याच किंग्ज कॅनियन नॅशनल पार्कमध्ये रे लेक्स नावाची तळी आहेत, त्यांना वळसा घालून येणारी साधारण 66 किलोमीटरची वाट. सुरुवात दीड हजार मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून थोडं खाली, आणि मधली ग्लेन पासची खिंड साडेतीन हजार मीटरच्याही वर. वाटेत वस्ती नाही, टपरी नाही, फोनला रेंज नाही. राजगडावर निदान पद्मावतीच्या देवळाचा आसरा असायचा. इथे छप्परही पाठीवर.

तीन वर्षांपूर्वी अशीच गेले होते तेव्हा सॅक अठरा किलोंची होती. दुसऱ्याच दिवशी गुडघा सुजला आणि तळ्याकाठी पोचून मी तळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तंबूत आडवी झाले. परत आल्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवली. जास्तीचे कपडे, जड भांडी, तीन माणसांचा तंबू, सगळं वहीत लिहून काढलं. यंदा अन्नपाणी सोडून सॅक पाच किलोंच्या आसपास होती, सगळं भरून दहाच्या आत. तंबूला वेगळे खांब नाहीत, चालताना हातात असतात त्याच काठ्यांवर तो उभा राहतो. थंडीचं जाकीट, पावसाचं जाकीट, टॉर्च, औषधं आणि उपग्रहावरून निरोप धाडायचं शंभर ग्रॅमचं यंत्र, यातलं काही मी सोडलं नाही. रोज संध्याकाळी तुला "पोचले" असा निरोप यायचा तो त्यावरूनच.

आता पांघरुणाचं. आई, पांघरायला नेलेली गोधडी मी स्वतः शिवली आहे. तुला आधी सांगितलं नाही, कारण नीट जमेल याची खात्री नव्हती. चिमटीत मावेल असं नायलॉनचं कापड, आत कृत्रिम तंतूंचा जाड थर, वजन 640 ग्रॅम. तू जुन्या लुगड्यांचे थर बोटाबोटाच्या अंतरावर धावदोऱ्याने बांधतेस, तेच मी करायला गेले. माझ्या हाताला तीच सवय. अर्धी शिवून झाल्यावर दिव्यासमोर धरली तर प्रत्येक टाक्याशी थर दबून पातळ झाला होता. ऊब असते ती आत अडकलेल्या हवेची, दाबलं की ती गेली. आणि हा थर एकसंध असतो, लुगड्यांसारखा आत सरकत नाही, म्हणून त्याला मधे टाक्यांची गरजच नाही. सगळं उसवलं आणि फक्त कडा शिवल्या. पाठीखाली गोधडी घ्यायची नाही, कारण अंगाखाली दबलेलं पांघरूण फारशी ऊब देत नाही. तिथे फोमची मॅट.

तरी तिसऱ्या रात्री मला थंडी वाजली, तुझ्यापासून लपवत नाही. रे लेक्सला पोचलो तेव्हा मावळतीचं ऊन समोरच्या कड्यावर होतं. मी मोहात पडले आणि गवताच्या सखल जागेत तंबू लावला. रात्री थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि अशा खळग्यात साचते. दोन वाजता जाग आली तेव्हा तंबूच्या आतल्या बाजूला बर्फाची बुरशी धरली होती. जाकीट घातलं, मूठभर शेंगदाणे खाल्ले, तंबू उचलून जेमतेम तीस मीटर वर, झाडांखालच्या कोरड्या मातीत नेला. तिथे सकाळपर्यंत झोपले. गोधडी तीच होती.

खाण्याची काळजी करू नकोस. दिवसाला सातशे ग्रॅम धरले होते आणि त्यात तुझं मेतकूट होतं. पातळ पोहे तर या कामासाठीच जन्मलेत असं मला वाटतं: वजन नाही, शिजवायला नको, पाणी शिंपडलं की तयार. सोबत शेंगदाण्याचे लाडू आणि छोट्या बाटलीत तूप, शंभर ग्रॅमला नऊशे कॅलरी. हे सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करायचं, कारण तिथे काळी अस्वलं आहेत आणि डबा सक्तीचा आहे. रिकामा डबाच सव्वा किलोचा, पण त्याची तक्रार नाही. रात्री टूथपेस्टसकट वासाचं सगळं त्यात भरून तंबूपासून लांब ठेवायचं. माणसाचं अन्न एकदा चाखलेलं अस्वल पुन्हापुन्हा येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. म्हणून झाकण नीट बसलं का, हे मी रोज दोनदा बघायचे.

अजून एक सांगायचंय. इथे अमेरिकेत, ओहायो राज्यात, एमा गेटवूड नावाच्या बाई होत्या. अकरा मुलांची आई. 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, घरी "जरा चालून येते" एवढंच सांगून निघाल्या आणि अ‍ॅपलाचियन ट्रेल, तीन हजारांहून जास्त किलोमीटर, एकट्या चालल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तू 63 ची आहेस आणि मला वाटतं तुला त्या बाई फार आवडल्या असत्या.

डिसेंबरात येतेय. गोधडी आणते. पायाकडच्या कोपऱ्यात शिवण उसवायला लागली आहे, कापड इतकं पातळ आहे की सुईचं भोकच मोठं होतं. तू वाकळेच्या कडेला दुहेरी पट्टी लावतेस तशी लावली तर धरेल का? वजन दहा-वीस ग्रॅम वाढलं तरी चालेल. बारीक सुया मी इथून घेऊन येते, दोरा मात्र तुझ्या डब्यातला.

बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी