जिताडा, कयाक आणि उतरतं पाणी

आंजर्ले,
फाल्गुन वद्य सप्तमी

प्रिय बंड्या,

‘प्लॅस्टिकची परात घेऊन खाडीत बसतोस’ हा तुझा टोमणा पोचला. परातच आहे माझी कयाक, ती वल्ह्याची छोटी होडी, कबूल. पण परवा रंगपंचमीला त्या परातीतून जे झालं ते फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसत सुटला असतास. म्हणून कागद घेतला.

शिमगा सरता सरता खाडीचं पाणी कोमट होतं आणि थंडीत सुस्तावलेला जिताडा खायला लागतो. (तुझ्या मालवणी सासुरवाडीचा चणाक, तोच हा.) ओहोटीला तिवरांमधले बारके ओहळ खाडीत उतरतात, त्यांच्याबरोबर कोळंबी आणि बोयटांची पिल्लं खाली येतात. हा बाबा ओहळाच्या तोंडाशी दबा धरून उभा. मशीनची होडी तिथवर जात नाही, गेलीच तर आवाजाने सगळं पसार. कयाक वीतभर पाण्यात सरकते, आवाज काय तो वल्ह्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याचा.

साडेसहाला उतरलो. पहाटेचा मतलई वारा पाठीला, पाणी खाली चाललेलं. तिसऱ्या ओहळाशी थांबलो आणि तिवरांच्या मुळांत आवाज आला: बुडुक्. बाटली पाण्यात दाबल्यावर येतो तसा. जिताडा भक्ष्य धरताना तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, त्याचा तो आवाज. बोटभर लांबीचा पांढरा लूर (गळाचा नकली मासा) मुळांच्या कडेला टाकला, दोन झटके दिले, थांबलो. आणि रॉड वाकला तो थेट पाण्यात.

मासा उडाला तेव्हा दिसला. कल्ले फाकलेले, डोकं असं हलवतोय की लूर आता सुटतो की मग. त्याच्या कल्ल्याच्या कडेला ब्लेडसारखी धार असते. माघात असाच एक दोरी कापून गेला, तेव्हापासून पुढे वावभर जाड दोरी जोडतो. कयाकला नांगर टाकलेला नव्हता, त्यामुळे तो ओढेल तिकडे मी. वीस मिनिटं तरी गेली असतील. कुशीला आणला, हात ओला करून खालचा जबडा धरला. तीन फुटांना बोटभर कमी.

आणि सोडला. शिव्या घाल, पण आधी ऐक. जिताडा आधी नर असतो, वाढला की मादी होतो. एवढा मोठा म्हणजे बहुधा मादीच, आणि पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाशी अंडी घालणार. दोन किलोचा असता तर तुझ्यासाठी बर्फात ठेवला असता, शपथ. थोडा वेळ प्रवाहाकडे तोंड करून धरली, मग शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर मारून गेली.

तोंड पुसून बघतो तर तिवरं कुठेच नाहीत. समोर वाळूची दांडी आणि तिच्यापलीकडे लाटा फुटताहेत! मासा, ओहोटी आणि वारा, तिघांनी मिळून मला मुखाशी आणून ठेवलेलं. विकणारा म्हणाला होता, ‘एका हाताने वल्हवा, सर.’ मी दोन्ही हातांनी जीव खाऊन वल्हवत होतो आणि काठावरचं एकच माडाचं झाड हलायला तयार नव्हतं. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून धीर. शेवटी आडवा मारा करत कशीबशी दांडी गाठली.

तिथे एक काका उलांडीच्या होडीत जाळं निवडत बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आता बस गप. पानी फिरलं की तेच नेईल घरी.” आणि बिडी पुढे केली. मी ओढत नाही, तरी घेतली.

दहानंतर पाणी फिरलं, अकराच्या सुमाराला खारा वारा सुटला आणि मी फुकटात घरी. घरी पाहुणे आंबोळ्यांची वाट बघून उपमा खाऊन मोकळे झालेले. बायकोने एवढंच विचारलं, “मासा कुठाय?” सोडला म्हटल्यावर तिने काकांपेक्षाही कमी शब्दांत उत्तर दिलं.

तर आता तू ये. पाडव्याला नको, अमावस्येला लागून उधाण असतं, पाणी फार ओढतं. चैत्र शुद्ध चतुर्थी बघ. आजोबांचा हिशोब आठवतोय ना, तिथीची पाऊणपट? चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमाराला भरती, नऊच्या आसपास सुकती. सव्वासहाला उतरू, ओहोटीबरोबर ओहळ धरत खाली जाऊ आणि येताना भरतीवर बसून येऊ. अष्टमीला आलास तर भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी मेल्यासारखं पडून असतं, नुसते डास चावतील.

दुसरी कयाक शेजाऱ्याकडून मागून ठेवतो. तुझं वजन खरं खरं कळव, गेल्या वेळेसारखं नको.

तुझाच,
अण्ण्या

ता. क. येताना पुण्याहून जाड दोरीचं एक रीळ आण. इथे मिळते ती पहिल्याच जिताड्याला पुरत नाही.