त्या रांगेत उभी राहू नकोस

वेंगुर्ला
शुक्रवार, रात्री

चि. बायस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी मासळीबाजारात होतो. "बाबा, वसईला मैत्रिणीचं लग्न चर्चमध्ये आहे, काय नेसू?" एवढंच तू विचारलंस आणि "साडी नेस" एवढंच मी सांगितलं. रात्री जेवून पडवीत बसलो, तेव्हा मनाला लागलं की तिला सांगायला हवं होतं ते वेगळंच. लग्नाला अजून पंधरा दिवस आहेत, तोवर पत्र पोचेल. यातली एक गोष्ट मी आजवर फक्त तुझ्या आईला सांगितली आहे.

मी बारावीत होतो. शाळेपासून माझ्या बाकावर बसणारा एक ख्रिस्ती मित्र होता. नाताळात त्यांच्याकडच्या नेवऱ्या आमच्याकडे यायच्या, चतुर्थीला आमचे मोदक त्यांच्याकडे जायचे. त्याचे वडील अचानक गेले. अंत्यविधीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, आम्ही वर्गातली चार-पाच मुलं गेलो. मी त्याआधी कधी चर्चच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं. पुढे पेटी, पेटीवर फुलं, मित्र पहिल्या बाकावर आईला धरून बसलेला. मिस्सा संपत आली तशी माणसं उठून मधल्या वाटेने रांगेत उभी राहिली. फादर एकेकाच्या हातावर काहीतरी ठेवत होते. मला वाटलं, हा प्रसाद.

आपल्या घरात तू वाढली आहेस, तुला माहीत आहे. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, उजवा हात पुढे करायचा, खाली सांडायचा नाही, घरी नेऊन सगळ्यांना वाटायचा. तुझ्या आजीने हे माझ्या अंगात मुरवलं होतं. मित्राच्या दुःखात आपण बाजूला बसून राहावं हेही बरं वाटेना. मी रांगेत शिरलो. फादर काहीतरी म्हणाले, मी मान हलवली. हातावर पांढरी, गोल चकती आली, कागदासारखी पातळ, रुपयाच्या जुन्या नाण्याएवढी. तोंडात टाकणार तोच आईची आठवण झाली. खिशातला रुमाल काढला, चकती त्यात ठेवली आणि चौपदरी घडी घातली.

मागच्या बाकावरच्या एका वयस्कर बाईंनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर राग नव्हता. एखाद्याच्या हातून तान्हं मूल निसटताना दिसावं, तशी धास्ती होती. त्या बाक ओलांडून माझ्याजवळ आल्या, मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "बाळा, तो रुमाल माझ्याकडे दे." दोन्ही हातांवर तो रुमाल घेऊन त्या वेदीकडे गेल्या. फादरनी घडी उलगडली, ती चकती स्वतः ग्रहण केली आणि मग रुमालाचा एकेक पदर डोळ्यांजवळ नेऊन एखादा कण राहिला आहे का ते पाहिलं. सगळं चर्च थांबलं होतं. त्या दिवशी ज्याचे वडील गेले होते तो माझा मित्रही मागे वळून बघत होता.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. रुमाल घडी करून परत दिला. आठ दिवसांनी मित्रच म्हणाला, "अरे, आम्ही त्याला येशूची खूण मानत नाही. आमच्यासाठी तो स्वतः असतो त्यात." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते वडिलांसाठी की माझ्यासाठी, हे मी विचारू शकलो नाही. अंत्यविधीच्या दिवशी घरी आलो तेव्हा आजीने विचारलं होतं, "प्रसाद खय?" मी म्हटलं, "गावलो नाय."

म्हणून पहिली गोष्ट ही की मिस्सेत परमप्रसादाची, म्हणजे ती चकती घेण्याची, रांग लागेल, तेव्हा तू त्या रांगेत उभी राहू नकोस. मैत्रिणीची एखादी मावशी प्रेमाने "चल गं" म्हणाली तरी हात जोड आणि बाकावरच बस. बाकातल्या लोकांना बाहेर पडायला वाट दे, पाय आत घे, एवढंच. तू परकी आहेस म्हणून तुला तिथे मनाई आहे असं मनात आणू नकोस. त्यांची स्वतःची मुलंसुद्धा लहानपणी आईबापांच्या शेजारी बाकावर बसून राहतात. सात-आठ वर्षांची होऊन, धर्मशिक्षणाचे वर्ग करून, मगच त्यांचा पहिला परमप्रसाद होतो आणि घरात तो सणासारखा साजरा करतात. मोठी माणसंसुद्धा आधी तासभर काही खात नाहीत. मनावर एखाद्या मोठ्या पापाचं ओझं असेल आणि फादरांपुढे त्याची कबुली दिलेली नसेल, तर ती आपण होऊन बसून राहतात. तेव्हा बाकावर राहिलेली तू एकटी नसशील. आपल्याकडे प्रसाद घेणं हा मान, तिथे न घेणं हा मान. मला हे कळायला एका घराचं दुःख खर्ची पडलं, तुला ते आधीच कळावं.

आता बाकीचं. साडी नेस म्हटलं ते बरोबरच आहे. खांदे झाकलेले असावेत, पोलका फार उघडा नको. कुंकू लावतेस तसं लाव, टिकली काढून जाऊ नकोस. आपलं कपाळ पुसून दुसऱ्याच्या देवाकडे जायचं नसतं, आणि कुणी तसं मागतही नाही. चपला बाहेर काढायची सवय आपल्याला आहे, पण तिथे लोक चपला-बूट घालूनच आत जातात. दाराशी चपलांची रास दिसली तर मात्र तूही काढ. पुरुषांनी डोक्यावरची टोपी काढायची असते, एवढं तुझ्या त्या ऑफिसातल्या मुलांना सांगून ठेव.

दारातच भिंतीला दगडाचं किंवा संगमरवराचं छोटं भांडं असतं, त्यात पाणी. लोक त्यात बोटं बुडवून कपाळ, छाती, खांदे असा क्रूस करतात. तीर्थ समजून तळहातावर घेऊन पिऊ नकोस. आपण न बुडवता पुढे गेलं तरी चालतं. आत गेल्यावर वेदीच्या आसपास एक लहानसा दिवा तेवताना दिसेल, बहुतेक ठिकाणी लाल काचेचा. परमप्रसाद ठेवलेल्या पेटीपाशी तो असतो. म्हणूनच लोक बाकात शिरण्याआधी तिकडे तोंड करून एक गुडघा टेकवतात. तू थांबून मान लववलीस की पुरे. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, फोटोसाठी तर मुळीच नाही. लाकडी, पडदा लावलेली खोली दिसेल, ती पापनिवेदनाची. तिचा पडदा सारून बघू नये.

बाकासमोर खाली एक लांब फळी असते, काही ठिकाणी तिला गादी लावलेली. ती गुडघे टेकायची जागा आहे, पाय ठेवायची नव्हे. सगळे उठतील तेव्हा ऊठ, बसतील तेव्हा बस. सगळे गुडघे टेकतील तेव्हा तू टेकले नाहीस तरी कुणी वाईट मानत नाही, पण त्या वेळी पाठ टेकून रेलून बसू नकोस आणि शेजारणीशी कुजबुजू नकोस. घंटी वाजेल, फादर ती चकती दोन्ही हातांनी वर उचलतील. मिस्सेतला सगळ्यात मोठा क्षण तो. त्या वेळी हातात मोबाईल असलेली माणसं मी पाहिली आहेत आणि मला ते फार लागतं. मोबाईल दारातच बंद कर. पुढे एकदा सगळे एकमेकांना शांतीची खूण देतात, बहुतेक जण हात जोडतात. तूही आजूबाजूच्यांना हात जोड. दानाची पिशवी फिरेल, तिच्यात इच्छा असेल ते घाल, नाही घातलंस तरी कुणी बघत नाही.

लग्नाचं म्हणशील, तर अक्षता नेऊ नकोस. आपल्याकडे मंगलाष्टकं संपली की अक्षता पडतात, टाळ्या होतात, वाजंत्री सुरू होते. तिथे नवरा-नवरी एकमेकांना वचन देतात तेव्हा पूर्ण शांतता असते, आणि आपल्या होमाला जी जागा, ती त्या वचनाला आहे. अंगठ्यांना आशीर्वाद देऊन झाल्यावर त्या घालतात, मग साक्षीदार सह्या करतात. अहेर हॉलवर द्यायचा, चर्चमध्ये नाही. उशीर झाला तर मधल्या वाटेने टाचा वाजवत पुढे जाऊ नकोस, वाचन संपेपर्यंत मागे उभी राहा. आणि नवरी आत येते ती वाट तिच्यासाठी मोकळी ठेवायची असते.

वसईत तुला एक सोपं जाईल. तिथे मिस्सा मराठीत असते, सगळं कळेल. 1962 ते 1965 या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, तिच्यानंतर मातृभाषेला मुभा मिळाली. तोवर जगभर बहुतेक ठिकाणी मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. वसईच्या ख्रिस्ती माणसाला मराठीचं प्रेम शिकवायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच, 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. पुढे कधी प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये गेलीस तर मूर्ती दिसणार नाहीत, रीती वेगळ्या असतील, पण मराठी गीतं कानावर पडतील, आणि त्यांतली पुष्कळशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची असतील. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्मलेला हा आपल्या कोकणातलाच माणूस.

घंटेबद्दल सांगायचं राहिलं. देवळात शिरताना घंटेला हात लावायचा ही आपली सवय. चर्चची घंटा पाहुण्याने वाजवायची नसते. तिच्या आवाजावरून गावाला कळतं की प्रार्थनेची वेळ झाली, मिस्सा सुरू होते आहे, किंवा कुणी गेलं. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही आहेत. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन भीमाशंकरची घंटा दाखवली होती, आठवतंय? तुझी मैत्रीण ज्या गावची, ती घंटा तिथली. किल्ल्यात फिरायला गेलात तर पडक्या चर्चमध्ये जमिनीवर कोरलेले दगड दिसतील, त्या कबरी आहेत. वळसा घालून जा. लग्नाआधीचे फोटो काढायला तिथे गर्दी असते, माणसं त्या दगडांवर नाचतात. तुम्ही तसं करू नका. त्याच वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि 1862 साली रोमने त्याला संत म्हटलं. तिथली माणसं त्याचं नाव घरच्या माणसासारखं घेतात.

हे सगळं वाचून तू बिचकशील आणि अंग चोरून बसशील, तेही मला नको आहे. तुझी आजी दरवर्षी ईस्टरनंतर गोव्यातल्या म्हापशाच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, मिलाग्रीस सायबिणीला (मरियेला) तेल घालायला जायची. सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं आजी सांगायची आणि तिच्यासारख्या शेकडो बायका तेलाच्या बाटल्या घेऊन त्या चर्चमध्ये रांगेत उभ्या असायच्या. त्या रांगेत कुणी आजीला अडवलं नाही, कारण ती रीत दोन्हीकडच्यांची आहे. मेणबत्ती लावावीशी वाटली तर तूही लाव, तिथे ठेवलेल्या स्टँडवर, वेदीवरच्या मेणबत्तीवरून नव्हे. वाकून हात जोडावेसे वाटले तर जोड. कोणत्या रांगेत उभं राहायचं आणि कोणत्या नाही, एवढाच फरक मला तुला सांगायचा आहे. आजीला तो कळत होता. मला तो त्या वयात कळला नाही.

माझा मित्र रविवारी मिस्सेहून परत येताना अजूनही आपल्या फाटकाशी सायकल थांबवतो. तुझी आई चहा टाकते. परवाच्या रविवारी त्याला तुझ्या वसईच्या लग्नाचं सांगणार आहे, आणि रुमालाचंही. इतक्या वर्षांत आम्ही तो विषय पुन्हा काढलेला नाही.

विरार लोकलला रविवारी गर्दी असते, सकाळी लवकर नीघ, चर्चला वेळेआधी पोच. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बायका दिसतील, त्यांच्याजवळ जागा मिळाली तर बस, कधी उठायचं ते त्या कोपराने सांगतील. फादर भेटले तर "नमस्कार, फादर" म्हण. मैत्रिणीच्या आईवडिलांना आमचा नमस्कार सांग. आणि सुकेळी, तिथली वाळवलेली केळी, मिळाली तर अर्धा किलो घेऊन ये, तुझ्या आईला ती फार आवडते.

तुझे
बाबा